नागपूरचे ऋतू, माझे डोके आणि चिनी वैद्यक

नागपुरात राहणाऱ्या माणसाची डोकेदुखी पंचांगाप्रमाणे चालते, असे मी म्हटले तर बाहेरगावच्या वाचकांना ती अतिशयोक्ती वाटेल. इथल्यांना मात्र वाटणार नाही. एप्रिलच्या मध्यापासून पारा चाळिशी ओलांडतो, मे महिन्यात तो ४५-४६ अंशांवर जाऊन बसतो आणि नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की बाहेरची कामे सकाळी दहाच्या आत उरकून दारे-खिडक्या लावून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्या दिवसांत माझे डोके कपाळात आणि कानशिलांत ठणकते. जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू झाला की ठणका जातो आणि डोके जड होते, मळमळते, कामात लक्ष लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरले आणि अशा वेळी स्कूटरवरून अंबाझरी ते सदर एवढा प्रवास घडला, की मानेच्या मुळापासून निघालेली कळ टाळूपर्यंत चढते.

हे दुखणे अर्धशिशीच्या जातीचे आहे, हे निदान मेंदूविकारतज्ज्ञांनी फार पूर्वीच करून ठेवलेले आहे. त्यांनी दिलेली प्रतिबंधक गोळी मी घेते आणि ती बंद करण्याचा माझा कोणताही विचार नाही. चिनी वैद्यकाकडे मी वळले ती गोळीला पर्याय शोधण्यासाठी नव्हे. गोळी नियमित घेऊनही ऋतू पालटला की दुखणे उसळी घेत होते, आणि एकाच डोक्याचे तीन ऋतूंत तीन प्रकारे दुखणे हे काय प्रकरण आहे, या प्रश्नाला कुठेतरी उत्तर असावे असे मला वाटत होते. हवामानाचा आणि डोकेदुखीचा संबंध अगदीच काल्पनिक नाही, हे तोवर वाचनात आले होते. बोस्टनमधील एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात डोकेदुखीसाठी आलेल्या सात हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात तापमान ५ अंशांनी वाढले की पुढील चोवीस तासांत डोकेदुखीसाठी रुग्णालय गाठण्याची शक्यता सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढते, असे आढळले होते. बोस्टनची ही कथा असेल, तर आमच्या इतवारीतल्या भर दुपारचे काय सांगावे?

ज्यांच्याकडे मी गेले त्या बाई मूळच्या एमबीबीएस, नंतर ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून करायचा चिनी उपचार, शिकलेल्या. पहिल्या भेटीत त्यांनी सुई हातातही घेतली नाही. "दुखणं सुरू कुठून होते ताई? शब्दांत सांगू नका, बोट ठेवून दाखवा," असे म्हणून त्यांनी मला डोक्यावर नकाशा काढायला लावला. मग प्रश्नांची सरबत्ती झाली. ऊन लागल्यावर दुखते की उन्हातून थंड खोलीत आल्यावर? डोक्याला घट्ट रुमाल बांधला तर बरे वाटते की नकोसे होते? तहान गार पाण्याची लागते की कोमट पाण्याची? झोपताना कूलर पायाकडे असतो की डोक्याकडे? त्यानंतर त्यांनी जीभ बघितली आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहिली. जीभ पाहण्यापूर्वी चहा-कॉफी घेतलेली नाही ना, हेही त्यांनी विचारून घेतले, कारण कॉफीमुळे जिभेवरचा थर पिवळसर दिसतो आणि वैद्याची दिशाभूल होते. उन्हाळ्यात बर्फाचा गोळा खाऊन येणारे रुग्ण निळी-लाल जीभ दाखवतात तेव्हा निदान दुसऱ्या दिवसावर ढकलावे लागते, असे त्या हसत म्हणाल्या.

या प्रश्नांमागची चौकट मी पुढे समजून घेतली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेला 'हुआंगदी नेइजिंग' हा चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ मानला जातो. वारा, थंडी, उन्हाळ्याचा ताप, ओलावा, कोरडेपणा आणि आग अशी सहा बाह्य कारणे हे शास्त्र सांगते. शरीराच्या सर्व 'यांग' (उष्ण, सक्रिय स्वभावाच्या) वाहिन्या, म्हणजे प्राणशक्ती वाहते असे मानलेले मार्ग, डोक्याशी एकत्र येतात, म्हणून बाहेरच्या हवेचा पहिला फटका डोक्याला बसतो, अशी त्याची धारणा आहे. वेदनेच्या जागेवरून वाहिनी ओळखायची हा त्याचा पुढचा भाग होय. मानेच्या मागून चढणारी वेदना ताइयांग वाहिनीची, कपाळातली यांगमिंगची, कानशिलांची आणि डोक्याच्या बाजूंची शाओयांगची, तर नेमक्या टाळूवरची ज्वेयिनची. वाहिन्या शवविच्छेदनात सापडत नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि बाईंनाही ठाऊक होते. तरीही ही वर्गवारी मला उपयोगाची वाटली, कारण तिच्यामुळे 'डोके दुखते' या एका वाक्याचे तीन वेगळ्या तक्रारींत विभाजन झाले आणि प्रत्येकीवर वेगळा उपाय करता आला. आपल्या आयुर्वेदानेही हे केलेले आहे. सूर्य चढतो तसे वाढणारे आणि उतरतो तसे उतरणारे दुखणे म्हणजे सूर्यावर्त, अर्ध्या डोक्याचे दुखणे म्हणजे अर्धावभेदक, हे शब्द आमच्या आजीच्या पिढीला ऐकून माहीत होते. नागपूरच्या मे महिन्यासाठी सूर्यावर्ताइतके चपखल नाव चिनी ग्रंथांतही मला सापडलेले नाही.

उन्हाळ्याबद्दल जरा विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण इथे बाईंनी एका दुखण्याचे दोन भाग पाडले. एक दुखणे खऱ्या उन्हाचे. चेहरा लाल होतो, तहान भागत नाही, जिभेचे टोक लालबुंद दिसते. दुसरे दुखणे उन्हाळ्यात लागणाऱ्या थंडीचे. चिनी वैद्यक म्हणते की घामाने त्वचेची रंध्रे उघडी असताना अंगावर, विशेषतः मानेवर, गार वारा आला तर तो आत शिरून ठाण मांडतो. वातानुकूलित कार्यालयातून ४५ अंशांत आणि पुन्हा आत, अशा दिवसभराच्या खेपांचा यात समावेश होतो, आणि नागपुरातील घरोघरीच्या कूलरचाही. आमचा लोखंडी डेझर्ट कूलर खिडकीत बसवलेला आहे आणि त्याचा झोत वर्षानुवर्षे थेट उशीवर येत असे. ओल्या वाळ्याचा वास घेत झोपण्यासारखे सुख नाही, असे आम्हा सर्वांचे मत. बाईंच्या सांगण्यावरून मी पलंगाची दिशा बदलली, पाय कूलरकडे केले आणि मानेला मलमलीचा जुना पंचा सैलसर गुंडाळून झोपू लागले. सकाळी उठल्याबरोबर मानेतून सुरू होणारे उन्हाळी दुखणे त्यानंतर बरेच कमी झाले. यात वाहिनीत शिरलेला वारा होता की रात्रभर गार झोताने आखडलेले मानेचे स्नायू होते, याचा निवाडा करण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

खऱ्या उन्हाच्या दुखण्यासाठी चिनी घरांत जे खातात-पितात ते ऐकून मला परकेपणा अजिबात वाटला नाही. मुगाचे पातळ कढण तिथे उन्हाळ्याचे घरगुती औषध आहे. धुरावलेल्या आंबट आलुबुखाऱ्यासारख्या फळाचे आणि खडीसाखरेचे 'स्वानमेइथांग' नावाचे पेय तिथे उन्हाळ्यात पितात, ते आपल्या कैरीच्या पन्ह्याचेच नात्यातले. टरबुजाला तर चिनी वैद्य निसर्गाने तयार करून दिलेला 'पांढऱ्या वाघाचा काढा' म्हणतात. मूळचा हा काढा सुमारे इसवी सन २०० मधील झांग झोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथात आहे. त्यात जिप्सम, ज्येष्ठमध, तांदूळ आणि झिमू नावाचे मूळ असते आणि तो प्रचंड ताप, घाम आणि तहान यांवर देतात. जिप्समचा काढा कोणी घरी करू नये, टरबूज मात्र कॉटन मार्केटमध्ये ढिगाने मिळते. फक्त ते फ्रीजमधून काढल्याबरोबर खाऊ नये, अशी बाईंची ताकीद होती. गारढोण पदार्थांविषयी चिनी वैद्यकाला पराकोटीचा संशय आहे, आणि याबाबतीत ते माझ्या सासूबाईंच्या पंक्तीला बसते.

शेवंतीच्या फुलांचा चहा हा उन्हाळी डोकेदुखीवरचा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध उपाय आहे. डोळे लाल होऊन चुरचुरत असतील आणि कानशिले ठणकत असतील तर वाळवलेली पाच-सहा फुले गरम पाण्यात दहा मिनिटे झाकून ठेवतात आणि ते पाणी कोमट झाल्यावर पितात. १७९८ च्या सुमाराच्या 'वेनबिंग त्याओब्यान' या ग्रंथात शेवंती आणि तुतीची पाने एकत्र करून दिलेला काढाही प्रसिद्ध आहे. येथे एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. बर्डीवरच्या फुलबाजारातील शेवंती हारांसाठी पिकवलेली असते, तिच्यावर कीटकनाशके फवारलेली असतात. ती घरी वाळवून पिऊ नये. खाण्यासाठी म्हणून विकली जाणारी वाळलेली फुले वेगळी मिळतात. ज्यांना झेंडू-शेवंतीच्या कुळातील वनस्पतींची, अर्थात आपल्याकडे सर्वत्र माजलेल्या गाजरगवताचीही, ॲलर्जी आहे त्यांनी हा चहा टाळलेलाच बरा. मला त्याची चव आवडते आणि डोळ्यांना बरे वाटते. ठणका भरात असताना मात्र त्याने काही होत नाही.

पावसाळ्यातील दुखण्याचे वर्णन नेइजिंगमध्ये एका ओळीत आलेले आहे. ओलाव्याने बाधलेल्या माणसाचे डोके फडक्यात गुंडाळल्यासारखे होते, असे तिथे म्हटले आहे. जुलैतल्या संततधारेत सर्दी-तापाशिवाय आलेले माझे जड डोके मी इतकी वर्षे कोणत्याही डॉक्टरांना नीट सांगू शकले नव्हते, ते या ओळीत जसेच्या तसे होते. बाईंनी त्या दिवसांत जीभ पाहिली तेव्हा तिच्यावर पांढरा, चिकट, जाड थर होता आणि कडांवर दातांचे ठसे. त्यांच्या मते ओलाव्याचे मूळ पचनात असते. म्हणून पावसाळ्याचे चार महिने तळण, मैदा, दही आणि रात्रीचे उशिराचे जेवण यांवर बंधन आले. श्रावणातल्या दिवसांत तळण टाळणे किती अवघड असते हे घर चालवणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे, त्यामुळे हे बंधन मी जमेल तेवढे पाळले.

याच प्रकारच्या डोकेदुखीवरच्या एका जुन्या चिनी योगात, म्हणजे औषधांच्या मिश्रणात, संत्र्याची साल पडते, हे कळल्यावर मला नागपूरकर म्हणून साहजिकच अभिमान वाटला. पोटात कफ साठून डोके गरगरते, मळमळते, अशा वेळी ते हा योग देतात. त्यात बानश्या, बायझू, थ्येनमा ही तिकडची मुळे आणि कंद असतात आणि जोडीला संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळलेली साल. चिनी औषधात वापरली जाणारी ती साल आणि आपले नागपुरी संत्रे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीत मोडतात. ग्वांगडोंग प्रांतातील शिनहुई येथील साल सर्वांत उत्तम मानली जाते आणि ती वर्षानुवर्षे मुरवून विकतात. जितकी जुनी तितकी महाग. आपण मात्र मृग बहाराची संत्री सोलून साली कचऱ्यात टाकतो. मी बाईंना विचारले की आपल्याच साली वाळवून वापरता येतील का. त्यांनी सांगितले की पोट जड असताना स्वच्छ धुतलेल्या, वाळवलेल्या सालीचा छोटा तुकडा चहात उकळून घ्यायला हरकत नाही, पण त्याला डोकेदुखीचे औषध समजू नये. आणि बानश्या असलेला काढा तर स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये, कारण तो कंद कच्चा असताना विषारी असतो.

हिवाळ्याविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. थंड वाऱ्याचे दुखणे मागून येते, मान आखडते, ऊब दिली की बरे वाटते. आले, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग आणि गूळसाखर यांचा गरम काढा हा तिकडचा घरगुती उपाय; आपल्याकडे सुंठ-गुळाचा काढा आणि कपाळावर उगाळलेल्या सुंठीचा लेप. दोन्हीकडे सुंठ-आले आहे यावरून फार मोठे निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. स्कूटरवर जाताना कान आणि मान झाकणारा स्कार्फ, हा माझ्या मते दोन्ही काढ्यांहून अधिक गुणकारी.

आता सुयांकडे वळते. सुई म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इंजेक्शन येते, आणि भीती बहुधा तिथूनच सुरू होते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते, पोकळ नसते, आणि तिची जाडी साधारण पाव मिलिमीटर असते. बाई प्रत्येक वेळी माझ्यासमोर नवे सीलबंद पाकीट फोडत. सुई एका बारीक प्लास्टिकच्या नळीत असते. नळी त्वचेवर टेकवून वर डोकावणाऱ्या टोकाला बोटाने टिचकी मारली की सुई आत जाते आणि टोचल्याचे जेमतेम कळते. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. बाई सुई चिमटीत धरून किंचित फिरवत आणि विचारत, "आलं का जी?" हातावरच्या बिंदूत तेव्हा बधिर, जड, ओढल्यासारखी कळ उमटते आणि तर्जनीकडे सरकते. चिनी वैद्य या संवेदनेला 'दची' म्हणतात आणि ती आल्याशिवाय सुई लागली असे मानत नाहीत. दोन्ही हातांच्या अंगठ्याजवळ, दोन्ही पावलांवर, मानेमागे आणि दुखण्याच्या जागेप्रमाणे कपाळावर किंवा टाळूवर अशा सुया लावून वीस-पंचवीस मिनिटे निवांत पडून राहायचे. पंखा मंद, पडदे लावलेले. मला तिथे हटकून झोप लागे.

यातले काही बिंदू घरी बोटाने दाबता येतात आणि हा भाग वाचकांना सर्वाधिक उपयोगी पडेल, म्हणून नीट सांगते. पहिला 'हगू'. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात, तर्जनीच्या मागच्या हाडाच्या साधारण मध्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवून हाडाच्या दिशेने दाबायचे. बिंदू सापडला की दुखरी कळ येते. हा बिंदू गरोदरपणात दाबू नये, असा परंपरेचाच दंडक आहे. दुसरा 'फंगची'. कवटीच्या खालच्या कडेला, मानेच्या मागच्या जाड स्नायूंच्या बाहेरच्या बाजूस दोन्हीकडे एकेक खळगा लागतो. दोन्ही अंगठे त्या खळग्यांत ठेवायचे, बाकीची बोटे डोक्यावर, आणि हनुवटी किंचित खाली घेऊन वरच्या दिशेने, समोरच्या डोळ्याकडे रोख धरून, मिनिटभर सावकाश दाब द्यायचा. संगणकावर दिवस घालवणाऱ्यांना हा बिंदू पहिल्याच दाबात ओळख देतो. तिसरा 'ताइचोंग', पावलावरचा. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यातून बोट मागे सरकवत नेले की दोन हाडे मिळण्याच्या अलीकडे तो खळगा लागतो. हातावरचा हगू आणि पायावरचा ताइचोंग अशी जोडी कानशिलांच्या ठणक्यासाठी वापरतात. मळमळ असेल तर मनगटाच्या आतल्या बाजूस, घडीपासून तीन बोटे वर, दोन कंडरांच्या (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधला 'नेइग्वान'. माझा अनुभव असा की दुखण्याची चाहूल लागताच, म्हणजे जांभया यायला लागल्या आणि मान अवघडली की, हे बिंदू दाबले तर कधी कधी दुखणे सौम्य राहते. पुरते चढल्यावर दाबत बसण्यात अर्थ नाही, तेव्हा अंधारी खोली आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी.

हे सारे खरोखर गुण देते का? याबाबतचे आकडे माझ्यासारख्या उत्साही रुग्णाने दडवू नयेत असे मला वाटते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१६ मध्ये अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठीच्या ॲक्युपंक्चरचा आढावा घेतला. २२ चाचण्या, ४९८५ रुग्ण. नेहमीच्या उपचारांना ॲक्युपंक्चरची जोड दिलेल्या शंभरांतील ४१ जणांची डोकेदुखी निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. जोड नसलेल्यांत हे प्रमाण १७ होते. फरक मोठा आहे. पण खऱ्या बिंदूंवर सुया आणि खोट्या किंवा वरवर लावलेल्या सुया यांची तुलना केली तेव्हा आकडे ५० आणि ४१ असे आले. त्यापूर्वी २००५ मध्ये जर्मनीतील ३०२ रुग्णांवरच्या चाचणीत तर खऱ्या सुयांनी ५१ टक्के, खोट्या सुयांनी ५३ टक्के आणि नुसते प्रतीक्षायादीत ठेवलेल्यांत १५ टक्के, असा निकाल लागला होता. याचा सरळ अर्थ असा, की सुई लावून घेणे, पडून राहणे, कोणीतरी लक्षपूर्वक विचारपूस करणे, या सगळ्याचा मिळून मोठा गुण येतो आणि नेमक्या बिंदूचा वाटा त्यात लहान आहे. वाहिन्यांच्या नकाशावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांना हे आवडत नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. माझ्या डोक्याला गुण कशाने आला याहून तो आला याचे मला अधिक मोल आहे. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत ताणाच्या डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सत्रांचा विचार करावा, असे म्हटलेले आहे, आणि नेहमीची प्रतिबंधक औषधे मानवत नसतील तर अर्धशिशीसाठीही.

काढ्यांच्या बाबतीत मात्र मी कमालीची सावध आहे. डोकेदुखीवरचा चीनमधील सर्वांत नावाजलेला योग म्हणजे सोंग राजवटीच्या काळातील 'च्वानश्योंग छात्याओ सान'. च्वानश्योंग, पुदिना, ज्येष्ठमध वगैरेंचे हे चूर्ण हिरव्या चहाबरोबर घेतात. त्याच्या पारंपरिक पाठात शीशिन, म्हणजे ॲसारम, ही वनस्पती आहे आणि तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असू शकते. हे आम्ल मूत्रपिंडे निकामी करते आणि कर्करोगाला कारण ठरते. ब्रसेल्समध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींची मिश्रणे घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झाले. एका निरुपद्रवी मुळाच्या जागी नावसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया कुळातले मूळ त्यात गेलेले होते. मान आखडण्यावरच्या काही योगांत माहुआंग, म्हणजे इफेड्रा असते. ती रक्तदाब वाढवते. असे असताना ऑनलाइन मागवलेले, चिनी लिपीखेरीज दुसरे काही न छापलेले पाकीट केवळ 'नैसर्गिक' म्हणून उकळून पिणे हा शुद्ध वेडेपणा आहे. इतवारीतील काष्ठौषधींच्या दुकानदारालाही अशी पाकिटे ओळखता येणार नाहीत, आणि त्याने ओळखल्याचा आव आणला तर अधिकच जपून राहावे.

ॲक्युपंक्चर आपल्याकडे आले त्या कथेचा एक धागा या गावातून जातो, हे पुष्कळ नागपूरकरांना माहीत नसते. १९३८ मध्ये काँग्रेसने जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना ठाऊक आहेत. ते १९४२ साली तिथेच वारले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसूही होते. हेच डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केले; भारतातील ॲक्युपंक्चरची सुरुवात त्यांच्यापासून मानतात. आज महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि व्यावसायिकांची नोंदणी करणारी परिषदही आहे. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. त्यामुळे सुया लावून घेण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारणे हा आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पेसमेकर असेल, गरोदरपण असेल तर ते आधीच सांगावे, आणि सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून निघते की नाही हे पाहावे.

काही डोकेदुख्या मात्र कोणत्याही सुईची वा काढ्याची वाट पाहण्याच्या नसतात. क्षणार्धात आलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर कळ. ताप आणि ताठलेली मान. बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे, दिसेनासे होणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, या सर्वांत थेट रुग्णालय गाठावे. उन्हात काम करणारा माणूस डोके दुखते म्हणता म्हणता बरळू लागला आणि अंग तापून निघाले, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत आणावे, अंगावर पाणी ओतावे आणि १०८ ला फोन करावा. कांदा हुंगवत बसू नये. आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र घटकांच्या किंवा अर्धशिशीच्या खास गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा महिनोन्‌महिने घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. ऋतू बदलला म्हणून दुखते असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी आपल्या औषधांच्या डब्यातली रिकामी पाकिटे मोजावीत.

माझी व्यवस्था सध्या अशी आहे. मार्चच्या अखेरीस, ऊन कडक होण्याआधी, सुयांची काही सत्रे. पुन्हा जूनमध्ये पाऊस लागताना थोडी. वहीत दुखण्याची जागा, वेळ, त्या दिवशीचे तापमान आणि घेतलेली गोळी यांची नोंद. मेंदूविकारतज्ज्ञांना मी सुयांबद्दल पहिल्यापासून सांगितलेले आहे. त्यांनी काही महिन्यांपूर्वी वही चाळली, जुलैची पाने थोडी रेंगाळून वाचली, आणि प्रतिबंधक गोळी आहे तीच चालू ठेवून पुढच्या उन्हाळ्यानंतर ती कमी करण्याचा विचार करू, असे सांगितले.